हीटरशेजारची खुर्ची

आमच्या गावाला बास्केटबॉलचं वेड लागलं त्याच हिवाळ्यात माझे बाबा जर्मनीत आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं बाबा अजूनही सांगतात. तेव्हा तर गावातल्या प्रत्येक माणसाला हे पटवून देण्यात त्यांनी अख्खा मुक्काम खर्ची घातला. एकालाही पटलं नाही.

गाव लहान. कायझर्सलाउटर्नहून रेल्वेनं अर्ध्या तासावर, टेकड्यांच्या कुशीत वगैरे म्हणतात तसं. मी कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत प्लास्टिक किती ताणलं की तुटतं हे बघायचं काम करायचे. नवरा मोटारींच्या कंपनीत, तोही दुसऱ्या शहरात, त्यामुळे शनिवार-रविवारपुरताच घरी. मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. त्यामुळे आमची भांडणं शेजाऱ्यांना फक्त अर्धीच कळायची.

त्या भागात फुटबॉल हा धर्म. बास्केटबॉल आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांबरोबर. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, आमच्याच खाली तळमजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान पोरवयात त्या सैनिकांकडूनच हा खेळ शिकले होते. धान्याच्या कोठाराच्या दारावर पिंपाचं कडं ठोकलेलं, तीच बास्केट. गावातला क्लब त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून काढला. पुढं कित्येक वर्षं तो क्लब म्हणजे हौशी मंडळींचा घाम आणि त्यानंतरची बिअर, एवढंच होतं. यजमान वारले, क्लब चालू राहिला. आणि त्या वर्षी क्लबनं इतिहासात पहिल्यांदा ठरवलं, की खेळाडूंना पगार द्यायचा. आमचं गाव व्यावसायिक झालं.

व्यावसायिक म्हणजे कितपत, ते सांगते. कप्तान गावातल्या बेकरीवाल्याचा मुलगा. सकाळी तो मला पाव मोजून द्यायचा आणि संध्याकाळी व्यावसायिक खेळाडू व्हायचा. दोन खेळाडू खास अमेरिकेहून आणले होते. त्या दोघांत मिळून क्लबनं एक जुनी, छोटीशी मोटार दिली होती. ती मोटार रस्त्यानं जाताना आत माणसं दिसायची नाहीत, नुसते गुडघे दिसायचे. मॅचेस शाळेच्या व्यायामशाळेत. मॅचआधी पालकांनी आळीपाळीनं फरशी पुसायची आणि घरून केक करून आणायचे, असा रिवाज. माझी मुलगी क्लबच्या मुलींच्या संघात होती, म्हणून मलाही पाळी लागायची. मी रव्याचा केक न्यायचे. पहिल्या वेळी लोकांनी त्याच्याकडं शंकेनं पाहिलं आणि सफरचंदाच्या केककडं वळले. मग अमेरिकन खेळाडूंपैकी एकानं अर्धा केक एकट्यानं संपवला आणि माझी पत वाढली.

नाताळापर्यंत ही व्यावसायिक टीम निम्म्या मॅचेस हरली होती. आणि जानेवारीत बाबा आले.

बाबा नागपूरला हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शाळकरी वयात आजोबांचं बोट धरून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. नुसत्या पाठ नव्हे, अंगात मुरलेल्या. आमच्या वस्तीत कुणाच्या रिक्षाला, कुणाच्या दुकानाला लिंबू-मिरची टांगलेली दिसली, की बाबा थांबायचे, मालकाला बोलवायचे, भर रस्त्यात त्याचा वर्ग घ्यायचे आणि त्याच्याच हातानं ती उतरवायला लावायचे. मग ती घरी आणायचे. लिंबाचं सरबत व्हायचं, मिरच्या आई फोडणीत टाकायची. नजर लागलेल्या मिरच्यांवर मी लहानाची मोठी झाले आणि प्रकृती माझी ठणठणीत आहे.

आई आदल्या पावसाळ्यात गेली. मी तेव्हा नागपूरलाच होते. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिच्या घरच्यांनी कुठल्याशा देवस्थानाहून काळे दोरे आणले होते, एक तिला आणि एक माझ्या आईसाठी. त्या माणसांच्या मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. आईनं दोरा हातात घेतला, मनगट बाबांपुढं धरलं आणि म्हणाली, "बांधून द्या ना. काय जातं?"

बाबा म्हणाले, "आपल्या घरात हे चालत नाही. तुला माहीत आहे."

आई हसली. "माहीत आहे," म्हणाली आणि दोरा उशीखाली ठेवला. वाद नाही, रुसवा नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. म्हणजे अगदी मुके नव्हे. "हो", "नाही", "जेवलो" एवढं बोलायचे. ज्या माणसानं आयुष्यभर पानवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत कुणाला वादात सोडलं नाही, तो फोनवर मला "हं" म्हणायला लागला, हे मला सहन होईना. मी तीन महिन्यांचा व्हिसा, तिकीट सगळं करून त्यांना इकडं आणलं. माझी इच्छा एकच होती. बाबांनी पुन्हा कुणाशी तरी कडाडून भांडावं.

पहिले काही दिवस त्यांनी खिडकीत बसून बर्फ बघितला. घरमालकीणबाईंनी नव्या वर्षाची भेट म्हणून त्यांना बदामाच्या पिठीचं गुलाबी डुक्कर दिलं. डुक्कर इकडं शुभ. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि न बोलता टेबलावर ठेवलं. मग एका सकाळी धुराडी तपासणारा माणूस आला. काळा पोशाख, पितळी गुंड्या. घरमालकीणबाई लगबगीनं बाहेर गेल्या, त्याच्या एका गुंडीवर बोटं फिरवली आणि समाधानानं परत आल्या.

"त्या बाई काय करून राहिल्या?" बाबांनी विचारलं.

मी हातातली कढई खाली ठेवली. कित्येक महिन्यांत बाबांनी उच्चारलेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं. मी सांगितलं, की धुराडीवाल्याला हात लावला की नशीब उघडतं, अशी इकडं समजूत आहे.

"इथं?" बाबा खुर्चीत ताठ बसले. "ज्या लोकांनी जगाला इंजिनं बनवून दिली, ते लोक गुंड्या चोळून राहिले?"

मला त्या धुराडीवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या रविवारी फरशी पुसायची पाळी माझी होती, म्हणून बाबांनाही व्यायामशाळेत नेलं. थंडीनं ते गारठलेले. स्वेटरवर कोट, कोटावर मफलर आणि डोक्याला नागपूरहून आणलेली तपकिरी माकडटोपी. मैदानाच्या कोपऱ्यात भिंतीला एक हीटर होता. त्याच्या शेजारची पुढच्या रांगेतली खुर्ची त्यांना दिली, आणि ऊब मिळताच त्यांना डुलकी लागली.

आमची टीम हरत होती. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू कुणाच्या तरी हातून सुटला, मैदानाबाहेर आला आणि थेट बाबांच्या मांडीवर पडला. बाबा दचकून जागे झाले. रेफरीनं हात पुढं केला. पण बाबांनी चेंडू बघितला, तर तो मळलेला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि शाळेतला पृथ्वीगोल पुसावा तसा तो चेंडू सावकाश, सगळ्या बाजूंनी पुसला. रेफरी हात पुढं करून उभा. सगळी व्यायामशाळा हसत होती. पुसून झाल्यावर बाबांनी तो रेफरीला न देता तिथं उभ्या असलेल्या कप्तानाला दिला आणि मराठीत म्हणाले, "घे. नीट खेळ."

कप्तानानं लांबून मारला तो चेंडू जाळीत गेला. मग पुढचाही गेला. आम्ही जिंकलो.

पुढच्या मॅचच्या आधी कप्तान चेंडू घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी आला. बाबांना वाटलं, इथं फरशी पुसायची पाळी असते तशी चेंडू पुसायचीही असणार. त्यांनी मनापासून पुसून दिला. आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्या मॅचला दोन्ही अमेरिकन आले, मग सगळी टीमच रांगेत उभी राहिली. एकेकजण चेंडू पुसून घ्यायचा, आणि जाता जाता माकडटोपीच्या गोंड्याला बोट लावायचा. तेव्हा बाबांना संशय आला.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्यांचे ग्ल्यूक्सब्रिंगर आहात. म्हणजे नशीब घेऊन येणारा माणूस."

बाबांनी रुमाल खिशात ठेवला.

"म्हणजे मी यांची लिंबू-मिरची?"

"हो बाबा."

मला एवढं हसू आलं की मी बाहेर जाऊन उभी राहिले. आत येऊन बघते तर बाबा घरमालकीणबाईंशी भांडत होते. बाई जर्मनमध्ये, बाबा मराठीत आणि मधूनमधून हायस्कूलच्या इंग्रजीत. दोघांनाही एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं आणि दोघंही माघार घेत नव्हते. मी खुर्चीत बसून ते भांडण कान भरून ऐकलं. इतकी सुखी मी त्या वर्षात झाले नव्हते.

त्यानंतर ते रोजचंच झालं. सकाळी कॉफीला बाबा खाली जायचे आणि दोघंही दुपारपर्यंत भांडायचे. घरमालकीणबाई त्यांना "हेर लेरर" म्हणायच्या, म्हणजे मास्तर. बाबा त्यांना "अहो बाई" म्हणायचे. कागदावर नाणी काढून बाबा संभाव्यता समजावायचे. बाई "गेनाऊ, गेनाऊ" म्हणजे बरोबर, बरोबर म्हणत विणकाम करायच्या. काय विणतायत ते फेब्रुवारीच्या मॅचला कळलं. टीमच्या लाल-पांढऱ्या रंगातल्या माकडटोप्या. निम्मी व्यायामशाळा माकडटोपी घालून बसली होती. जर्मन माणूस माकडटोपीत कसा दिसतो याची ज्यांना कल्पना नाही, त्यांनी ती करू नये.

बाबांनी ठरवलं, आता बोलून भागणार नाही. प्रयोग करायचा. पुढच्या मॅचला ते हीटरजवळ बसले नाहीत, सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसले. कप्तान चेंडू घेऊन आला तर त्यांनी हात मागं बांधले. "माझ्याशिवाय जिंका," म्हणाले, "मग बोलू."

टीम सपाटून हरली.

"एका प्रयोगानं काहीही सिद्ध होत नाही," बाबा घरी येताना म्हणाले. "पुन्हा करावा लागेल. निदान पाच-सहा वेळा."

ही बातमी गावात कशी पसरली कोण जाणे. बहुतेक माझ्या मुलीनंच शाळेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी बेकरीत मला कालचे पाव मिळाले. घरमालकीणबाईंनी कॉफीला बोलावलं नाही. संध्याकाळी टीमचे कोच दारात, हातात फुलांची कुंडी. बाबांपुढं उभे राहून ते काकुळतीनं म्हणाले, की प्रयोगाला त्यांचा विरोध नाही, विज्ञानाचा त्यांना आदर आहे, पण उन्हाळ्यात करता येणार नाही का?

बाबांनी अट घातली. मॅचनंतर सगळ्या टीमला समोर बसवायचं आणि त्यांना योगायोग म्हणजे काय ते ऐकवायचं. कोच तयार झाले. तसं भाषण झालंही. केकच्या टेबलापाशी टीम जमिनीवर बसली. मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय लांब करून बसली. बाबा मराठीत बोलत होते आणि माझी मुलगी जर्मनमध्ये सांगत होती. बाबा फार सुंदर बोलले. माणसाच्या मनाला कारण लागतं, कारण सापडलं नाही तर ते बनवतं, आणि जो घाम तुम्ही गाळलात त्याचं श्रेय रुमालाला देऊ नका, तो तुमचा अपमान आहे, असं ते म्हणाले. माझ्या पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात उरकलं. "आजोबा म्हणतात, सरावही करा."

टीमनं टाळ्या वाजवल्या. मग उठून रांगेनं गोंड्याला हात लावला.

बाबा चिडले, पण खुर्चीवर परत गेले. "सीझन संपेस्तोवर प्रयोग स्थगित," एवढंच म्हणाले. आणि मग आमची टीम जिंकतच सुटली. मार्च सरला तेव्हा गुणतक्त्यात वर दोनच संघ उरले होते, आम्ही आणि नदीपलीकडच्या शहरातला एक निळ्या कपड्यांचा संघ. शेवटची मॅच त्यांच्याशीच, आमच्या व्यायामशाळेत. जो जिंकेल तो चॅम्पियन, आणि त्याला वरच्या लीगमध्ये बढती. मॅच रविवारी दुपारी होती आणि बाबांचं विमान मंगळवारी.

रविवारी सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि मला म्हणाले, "मी आज त्यांच्या बाजूला बसणार."

"कुणाच्या?"

"निळ्यांच्या."

मला वाटलं, ते चेष्टा करतायत. पण बाबांचा चेहरा परीक्षेच्या दिवशी असायचा तसा होता. ते म्हणाले, "मी परवा चाललो. आज त्या खुर्चीवर बसलो आणि हे जिंकले, तर हे खूळ या गावात कायमचं राहील. पोरं मोठी होतील आणि त्यांच्या पोरांना सांगतील. मी असं मागं ठेवून जाऊ? माझ्यात काही असेल तर ते निळ्यांना मिळू दे. आणि तरी आपली पोरं जिंकली, तर संपलं. त्यांचं यश त्यांचं."

"आणि हरली तर?"

बाबांनी शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाले, "हरणार नाहीत. मी त्यांना खेळताना पाहिलं आहे."

तेव्हा मला कळलं की बाबांनी नुसतं तत्त्वच पणाला लावलेलं नव्हतं. त्या पोरांवर त्यांचा जीव जडला होता, आणि ती आपल्या बळावर जिंकावीत यासाठी हा माणूस सगळ्या गावाचा राग अंगावर घ्यायला निघाला होता. मला त्यांचा अभिमान वाटला. आणि थोडी भीतीही, कारण पाव मला तिथूनच घ्यायचे होते.

बाबा तपकिरी माकडटोपी घालून निळ्या गर्दीत जाऊन बसले, तेव्हा व्यायामशाळा चिडीचूप झाली. घरमालकीणबाईंनी हात जोडले, मग रागानं आपली पर्स हीटरशेजारच्या खुर्चीवर ठेवली. ती जागा दुसऱ्या कुणी घ्यायची नाही, असा त्याचा अर्थ. कप्तान चेंडू हातात घेऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिला होता. त्याला जायचं कुठं ते कळेना.

मॅचबद्दल मी फारसं सांगू शकत नाही, कारण निम्मा वेळ मी मॅच बघतच नव्हते. बाबांना बघत होते. निळे लोक ओरडायचे, उठायचे, बसायचे, आणि मधे बाबा मांडीवर हात ठेवून स्थिर. आमची टीम मागं पडली, पुढं गेली, पुन्हा मागं पडली. कप्तानाचा एक सोपा चेंडू चुकला आणि त्यानं मान वळवून हीटरकडं बघितलं. तिथं पर्स होती. दुसरा चुकला, त्यानं पुन्हा बघितलं. तो सवयीनं बघत होता, त्याला स्वतःला कळतही नसावं. मला कळत होतं, आणि समोरच्या बाजूला बाबांनाही कळत होतं. प्रत्येक वेळी कप्तानाची मान वळली की बाबा मांडीवरचे हात बदलायचे.

शेवटी अगदी थोडे सेकंद उरले आणि गुण बरोबरीत होते. कप्तान जाळीकडं झेपावला आणि निळ्यांपैकी कुणीतरी त्याला पाडलं. रेफरीची शिट्टी. त्याला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या, म्हणजे कुणी आडवं न येता जाळीसमोर उभं राहून दोनदा चेंडू टाकायचा. एक जरी आत गेला तरी आम्ही पुढं. निळ्यांच्या कोचनं त्याला अस्वस्थ करायला मुद्दाम टाइमआऊट घेतला. सगळे आपापल्या कोचभोवती जमले. कप्तान एकटाच वळून उभा होता. तो पर्सकडं बघत होता, आणि एवढा साडेसहा फुटी माणूस मला अगदी लहान वाटला.

तेवढ्यात निळ्या रांगेत हालचाल झाली. "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग," बाबांना येणाऱ्या थोड्या जर्मन शब्दांपैकी हा एक, म्हणजे माफ करा. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाबा बाहेर आले. जाळीमागून, भिंतीच्या कडेकडेनं चालत, सगळ्या व्यायामशाळेच्या डोळ्यांदेखत ते हीटरपाशी पोचले. पर्स उचलून घरमालकीणबाईंच्या मांडीवर दिली. खुर्चीवर बसले. खिशातून रुमाल काढला आणि कप्तानाला दिसेल असा हातात धरला.

कप्तान हसला. त्याचे खांदे खाली आले.

टाइमआऊट संपला. त्यानं पहिला चेंडू टाकला. कड्यावर आपटला आणि बाहेर आला.

व्यायामशाळेतून असा आवाज निघाला की जणू सगळ्यांच्या पोटात एकदम दुखलं. बाबा मात्र हलले नाहीत. रुमाल तसाच धरून बसले आणि त्यांनी कप्तानाकडं बघून मान डोलावली. वर्गात फळ्यावर चुकलेल्या मुलाकडं बघून डोलवायचे, पुन्हा कर, घाई नाही, अशी. कप्तानानं दुसरा टाकला. तो आत गेला. उरलेल्या सेकंदांत निळ्यांनी एक चेंडू कसाबसा फेकला, तो भिंतीला लागला, आणि आमचं गाव चॅम्पियन झालं.

पुढं काय झालं ते विचारू नका. माकडटोप्या छताला लागल्या. दोन्ही अमेरिकनांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. घरमालकीणबाई रडल्या, बाबांच्या गालाचा मुका घेतला, आणि आमचे बाबा नागपूरच्या मे महिन्यात व्हावेत तसे लाल झाले. बेकरीवाल्यानं मला ओरडून सांगितलं, की वर्षभर पाव फुकट. (ते पुढं महिनाभरच टिकलं.)

आम्ही घरी चालत निघालो तेव्हा बाहेर अजून लख्ख उजेड होता. रस्त्याकडेची चेरीची झाडं फुलली होती. मुलगी पुढं उड्या मारत चालली होती. मला खोडी काढल्याशिवाय राहवेना.

"काय मास्तर, तत्त्वाचं काय झालं?"

"काय व्हायचं?" बाबा म्हणाले. "मी खुर्चीवर बसल्यावर दोन फेकी झाल्या. एक चुकली, एक लागली. पन्नास टक्के. एवढं तर नाणं उडवूनही होतं. उलट माझंच म्हणणं सिद्ध झालं."

"मग उठलात कशाला?"

यावर बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, पुन्हा त्या जुन्या गप्प बसण्यात शिरले. चर्चच्या वळणापर्यंत आम्ही तसेच चाललो. मग ते म्हणाले, "तो मला शोधत होता ना. त्याला माहीत होतं मी कुठं बसलो, तरी तो तिथंच बघत होता. त्याला वाटून राहिलं होतं तसं. मी तिथं जाऊन बसलो तर माझं काय जाणार होतं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही," बाबा म्हणाले. ते थांबले. माकडटोपी काढून हातात घेतली आणि तिचा गोंडा नीट करत राहिले. "दोऱ्यानं ती वाचली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे."

आईबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"तिलाही माहीत होतं," बाबा म्हणाले. "माझ्याबरोबर तिनं त्या मिरच्या फोडणीला घातल्या आयुष्यभर. तिचा कशावर विश्वास नव्हता. तिनं फक्त हात पुढं केला होता गं. माझ्यापुढं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बांधायला पाहिजे होता ना?"

त्यांची समजूत काढणं सोपं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण या माणसानं मला आयुष्यात कधी खोटी समजूत घातली नव्हती.

"हो बाबा," मी म्हटलं.

बाबांनी मान डोलावली, मघाशी कप्तानाकडं बघून डोलावली होती तशी. मग त्यांनी आपला हात माझ्यापुढं केला आणि मी तो धरला. घरी पोचेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.